हातभर कोऱ्या भिंतीसाठी

मिस्त्रीमामांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तोंडावर बोलले असते तर "असू द्या की अक्का" म्हणून तुम्ही रंध्याकडे वळला असतात आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं असतं. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल.

काल नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलाचे साठ शॉट पूर्ण केले. शेवटचा शॉट झाला तेव्हा माझी अनामिका बधिर नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदा. रात्री भाकरी थापतानाही दुखली नाही. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. सत्तावीस वर्षं मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले. घराचं कर्ज फिटलं, मुलीचं शिक्षण झालं आणि मग भिशी लागली. हातात आलेल्या त्या पैशावर पहिल्यांदाच कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. सगळे म्हणाले, सोनं कर. मला पिस्तूल हवं होतं. दहा मीटरच्या नेमबाजीचं, 4.5 मिलिमीटरचं एअर पिस्तूल, चांगल्यातलं चांगलं आणि माझ्या हाताच्या मापाचं. उसनं घेऊन, क्लबचं वापरून सहा वर्षं काढली होती. 28 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये मनू भाकरला कांस्य मिळालं. त्याआधी टोकियोत ऐन स्पर्धेत पिस्तुलात बिघाड होऊन ती पोर किती रडली होती, तेही मी पाहिलं होतं. माझं वय तिच्या दुपटीहून जास्त, मला कुठं ऑलिंपिकला जायचंय? पण मनासारखं हत्यार हातात असावं, ही इच्छा काही वयाला विचारून येत नाही.

निवड करायला मला फार दिवस लागले, आणि ते दिवस मला आवडले. स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, मोरिनी, एकेक उचलून पाहिलं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचं, बालेवाडीला ओळखीच्यांचं पिस्तूल पाच-दहा मिनिटं हातात धरायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. शेवटी मोरिनीवर मन बसलं. त्याचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक. रात्री जेवणं आटोपली की बाहेरच्या खोलीत, छर्रा आणि हवा न वापरता, हवा तेवढा सराव करता येतो. माझा निम्मा सराव तसाच होतो.

अडलं ते मुठीपाशी. एकोणिसाव्या वर्षी माझी करंगळी आणि अनामिका मोडली होती, हाडं वाकडीच जुळली. पिस्तुलाच्या तयार मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात, त्यांतली एकही माझ्या हाताची नाही. पूर्वी महिलांच्या स्पर्धेत चाळीस शॉट असायचे, 2018 पासून पुरुषांइतकेच साठ झाले. माझं बोट नेमकं चाळीसच्या पुढे साथ सोडायचं.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात मी हे सांगितलं, तर तिथल्या माणसाने विचारलं, "मुलासाठी घेताय का?" माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने स्वस्तातलं काढून समोर ठेवलं, न विचारता. दुसऱ्या एकाने खास मूठ करून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले, कागदावर माझ्या हाताची आकृती काढून मागवली. पाच महिन्यांनी आली ती तयार मध्यम मूठ. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मी त्या कागदावर वाकड्या बोटांची रेघ दोनदा नीट काढली होती, कुठे दुखतं तिथे खूण केली होती. ती रेघ त्याने पाहिलीच नव्हती.

मामा, तुमच्याकडे मला कारखान्यातल्या एका जुन्या जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याने, पाठवलं. म्हणाला, पूर्व भागात एक मिस्त्री आहे, आयुष्यभर मागावरचे धोटे घडवले त्याने. धोट्यावर एक कुसळ राहिलं तर धागा तुटतो, असला हात आहे त्याचा. पिस्तुलाचं हवेचं सिलिंडर घरी काढून ठेवून, रिकामं पिस्तूल पिशवीत घालून मी आले. तुम्ही पिस्तुलाकडे पाहिलंच नाही. माझा हात उलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "बोट वाकडं हाय तर लाकूडबी तसंच कापू की." मला तिथेच रडू येईल असं वाटलं होतं.

अक्रोडाचा ठोकळा, कानस, पटाशी, यात मी शिरत नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. एवढं मात्र सांगते की माझ्या तळहाताला तुम्ही गेरू लावायचात, मी मूठ धरून सोडायची, आणि लाकडावर जिथे लाल उमटेल तिथे कानस फिरायची. सात वेळा आले मी. पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, मनगटाला आधार मिळता कामा नये, हे नियम वाचून दाखवले तर तुम्ही फळ्यांची तंतोतंत तशी पेटीच करून ठेवलीत. "पन्नास म्हंजे सोळा सुतांच्या आत," म्हणालात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

पण हे पत्र मुठीसाठी नाही. ते त्या ठिपक्यासाठी आहे.

दुसऱ्या खेपेला मी सांगितलं होतं की मूठ बरोबर असेल तर डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडले की साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, आपोआप नेमावर उभी असते. तुम्ही काही बोलला नाहीत. खडू घेतलात, मागच्या भिंतीवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठिपका काढलात. शर्टाच्या गुंडीएवढा. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचंच असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग पंखा बंद केलात, अर्धं शटर ओढलंत, आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली असताना पाव तास गप्प उभे राहिलात. त्या दिवशी साइट ठिपक्याच्या दोन बोटं डावीकडे उभी राहायची. पुढच्या खेपेला एक बोट.

मध्ये दिवाळी आली. सणानंतर मी आले तर दुकानाला ताजा पांढरा चुना लागलेला. माझं मन खट्टू झालं, पुन्हा पहिल्यापासून उंची जुळवावी लागणार. आत गेले आणि पाहिलं, सगळी भिंत पांढरीशुभ्र, आणि मधोमध हातभर चौकोन जुन्या मळकट रंगाचा, कोरा सोडलेला. त्यात माझा ठिपका. तुम्ही ते सांगितलंही नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "काम चालू हाय न्हवं अजून."

ते ऐकल्यापासून आजपर्यंत मी ते पाच शब्द कितीदा मनात म्हटले असतील. सणासुदीला आपल्या दुकानाची भिंत अर्धवट दिसेल, येणारा-जाणारा विचारेल, तरी परक्या बाईचं काम अपुरं आहे हे रंग देताना लक्षात ठेवणारा माणूस. माझ्या हिशेबात याला दुसरं नावच नाही, हा सज्जनपणा. पैसे तुम्ही घेतलेत, तुमच्या दराने पूर्ण घेतलेत, ते फार बरं केलंत. फुकट केलं असतंत तर मला सातव्यांदा यायला संकोच वाटला असता. चांगुलपणा म्हणजे काहीतरी सोडून देणं असं लोक समजतात. मला वाटतं, समोरच्याचं काम आपल्या डोक्यात ठेवणं. आपल्या सोलापुरात असे हात अजून आहेत, मागांच्या खडखडाटात कुणाला त्यांचा आवाज येत नाही एवढंच.

आता एक कामाचं. उन्हाळ्यात हात फुगतो, मूठ घट्ट वाटू लागते. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. अनामिकेखालच्या खोबणीत अर्धं सूत मोकळं करावं लागेल असं वाटतंय. पहिल्या पावसानंतर येते. येताना शेंगाची चटणी आणते, मागच्या वेळी नातीला आवडली होती.

आणि काम अजून चालू आहे, मामा. तेवढी भिंत राहू द्या.

तुमची,
वाकड्या बोटाची अक्का