खांदेरीचा अर्धा इतिहास विदर्भाने का वाचायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा लेख वाचला. संध्याकाळी डोंबिवलीच्या भाचीने मुंबई आवृत्तीतले तेच पान मोबाइलवर पाठवले, तेव्हा कळले की आम्हाला निम्माच लेख मिळाला. आमच्या पानावर खालच्या अर्ध्या भागात बियाण्याची जाहिरात आहे. आज सकाळी आपल्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले, "काका, तुमच्याकडे समुद्र नाही ना, म्हणून थोडा छोटा केला."

छोटा करा, पण कुठे कापता ते तरी पाहा! महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी गलबते पाठवून अडवायचा प्रयत्न केला, महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी हटले नाहीत. एवढ्यावर आमचा लेख संपतो. शेजारी मनोऱ्याचे छायाचित्र आणि त्याखाली ओळ, 'शिवकालीन दीपगृह'. ही धडधडीत चूक आहे. किल्ला महाराजांचा, मनोरा इंग्रजांचा, १८६७ सालचा. ज्या बेटावर मराठ्यांचा तट उभा राहू नये म्हणून इंग्रज झुंजले, त्याच बेटावर जवळपास दोनशे वर्षांनी त्यांनी मुंबईला येणाऱ्या जहाजांसाठी दिवा लावला. लेखकाने हे नीट लिहिले होते, आपण ते आमच्यापुरते काढून टाकले. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. आमच्या गावची मुले आता प्रकल्पाच्या वहीत आपलीच ओळ उतरवून घेणार.

आणि समुद्र नाही म्हणजे आमचा संबंध नाही, हे कोणी ठरवले? १८६७ हेच रेल्वे नागपूरपर्यंत पोचल्याचे साल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या होत्या. खामगाव-अमरावतीच्या बाजारातल्या गाठी रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने विलायतेला जात. १८७५ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी, खडकावर, प्राँग्जचे दीपगृह उभे राहिले. आमच्या वावरातला कापूस त्याच्यासमोरून समुद्रात गेला आहे.

माझा राग मात्र याहून जवळचा आहे. माझे बाबा दारव्हा तालुक्यातले, आणि त्यांची सगळी नोकरी कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर झाली. आपण जो अर्धा भाग कापला त्यात बत्ती सांभाळणाऱ्या माणसांविषयी चार परिच्छेद होते. ते मी मोबाइलवर अक्षरे मोठी करून वाचले.

लहानपणी सुट्टीत आम्ही बाबांकडे जायचो. दिव्याभोवतीचे ते माणसाहून उंच भिंग पाऱ्यावर तरंगत असे, त्यामुळे एवढे वजन बोटाने ढकलले तरी सरके. ते फिरवायला घड्याळासारखे यंत्र होते आणि मनोऱ्याच्या पोटात, विहिरीतल्या मोटेसारखे, दोराला लटकलेले वजन. वजन तळाशी गेले की हाताने किल्ली देऊन पुन्हा वर घ्यायचे, रात्रभर. मी विचारले, एकदा झोप लागली तर? बाबा म्हणाले, "भिंग थांबलं का जहाजवाल्याले कोनती बत्ती हाये थे समजत नाही." प्रत्येक दीपगृहाच्या झोताची वेळ वेगळी असते, त्यावरूनच खलाशी किनारा ओळखतो. दिवसाही मोकळीक नसे. सकाळी काचांना पडदे लावावे लागत, कारण उन्हाचा झोत त्या भिंगातून एका जागी पडला तर आग लागते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने ही भिंगे काढली, १८२३ मध्ये ती पहिल्यांदा दीपगृहावर चढली, हे मला बाबांनी सांगितले. ते सातवीपर्यंत शिकलेले.

आजोबा गेल्याची तार बाबांना मिळाली तेव्हा ते बेटावर होते आणि पावसाळा ऐन भरात होता. होडी लागेना. ते गावात पोचले तेव्हा तेरवी होऊन गेली होती. त्या दिवसांतही रोज संध्याकाळी त्यांनी बत्ती लावली होती. गावात कोणाला हे समजावता आले नाही. 'बापाच्या मातीला आला नाही' हे त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. आपला पूर्ण लेख इथे पोचला असता तर आमच्या पारावर चार माणसांनी तरी तो वाचला असता. बाबा आता नाहीत, पण ते बोलणारे अजून आहेत.

जाता जाता आणखी एक. दारव्ह्यावरून जाणारी आमची शकुंतला, कापसासाठीच घातलेली यवतमाळ-मूर्तिजापूरची गाडी, बंद पडून वर्षे झाली. मुंबई आवृत्तीत तिच्याविषयी काही येते का, असे भाचीला विचारले. एकदाही वाचल्याचे तिला आठवत नाही. म्हणजे समुद्राचे आम्हाला द्यायचे नाही आणि आमचे समुद्राकाठी न्यायचे नाही.

येत्या रविवारी लेखाचा राहिलेला भाग विदर्भ आवृत्तीत छापावा आणि छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी, ही विनंती. दुरुस्ती पहिल्या पानावर नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी द्या, म्हणजे ज्यांनी चूक वाचली त्यांच्याच हाती ती पडेल.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ