निळे ठिपके आणि छापील पान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोरियन चित्रकार किम ह्वान-गी यांना आपण रविवारच्या पुरवणीत अर्धे पान दिलेत, याचे समाधान आहे. पण मथळ्यात लिलावाची रक्कम ठळक आली आणि चित्राचे माप मात्र कुठेच आले नाही. शिवाय 'नशीब आजमावायला अमेरिकेत गेलेला गरीब तरुण' हे वर्णन या माणसाला अजिबात लागू पडत नाही.

ह्वान-गी १९१३ साली कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाच्या एका बेटावर, सधन जमीनदाराच्या घरात जन्मले. टोकियोच्या निहोन विद्यापीठात ते चित्रकला शिकले. १९३८ सालचे त्यांचे 'रोंदो' हे चित्र कोरियातल्या अमूर्त चित्रकलेच्या अगदी सुरुवातीचे मानले जाते. पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठात आणि होंगिक विद्यापीठात अध्यापन, १९५६ ते १९५९ पॅरिसमध्ये वास्तव्य आणि परतल्यावर होंगिकच्या कला महाविद्यालयाचे प्रमुखपद. १९६३ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी ते ब्राझीलला गेले आणि तिथूनच न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हा ते पन्नाशीचे होते. मायदेशात कमावलेले नाव आणि नोकरी मागे ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली. त्या प्रदर्शनात अडॉल्फ गॉटलीब या अमेरिकन चित्रकाराची भव्य चित्रे पाहून ते भारावले होते. चंद्रासारखे गोल, पांढरे चिनी मातीचे रांजण, डोंगर, ढग, सारस हे त्यांचे आवडते विषय न्यूयॉर्कमध्ये हळूहळू विरघळत गेले आणि शेवटी ठिपका उरला. (जाता जाता: 'किम' हे आडनाव असून कोरियन रीतीने ते आधी येते. आपल्या लेखात ते कधी आधी, कधी नंतर आले आहे.)

आता ठिपक्यांकडे वळतो. 'यंत्रासारखे सारखे ठिपके' असे लेखात म्हटले आहे. खरी गोष्ट उलटी आहे. ह्वान-गी सुती कॅनव्हास वापरत आणि त्यावर नेहमीचा जाड पांढरा अस्तर-रंग देत नसत, फक्त सरसाचा (खळीसारख्या पातळ डिंकाचा) हात देत. तैलरंगात टर्पेंटाइन भरपूर घालून तो शाईसारखा पातळ करत. असा रंग कापडावर बसत नाही, कापडात शिरतो. आधी ठिपका, मग त्याभोवती चौकोनी वेटाळणी आणि वाळल्यावर त्याच जागी पुन्हा रंग. दर थराला कड थोडी पुढे सरकते आणि आधीच्या फिक्या कडेवर नवी गडद कड चढते. म्हणून शेजारशेजारचे दोन ठिपकेसुद्धा सारखे नसतात. तेलाच्या रंगाने कागदावरच्या शाईचे काम करून घेणे, ही यातली खरी करामत.

ही पद्धत सोपी दिसते, पण सरसापाशी तिचे गणित बिघडते. सरस दाट झाला की रंग वरच तरंगतो आणि ठिपका कोरडा, कडक दिसतो. सरस फार विरळ राहिला की तेल वेगळे होऊन ठिपक्याभोवती पिवळट वलय उमटते. सरस उकळला तर त्याची पकड जाते, म्हणून तो मंद आचेवर, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आतच विरघळवतात. टर्पेंटाइन अति झाले तर रंगाला धरून ठेवणारे तेल उरत नाही आणि बोट फिरवले तरी भुकटी हाताला लागते. चूक पुसायची सोयही नाही, कारण रंग धाग्यात गेलेला असतो. याच कारणाने या चित्रांवर वॉर्निश देत नाहीत. वॉर्निश दिले की मऊ, विझलेला निळा एकदम काळपट आणि चकचकीत होतो. तैलरंगातले जवसाचे तेल वर्षानुवर्षे हवेशी संयोग पावत आम्लधर्मी होते आणि सुती धागा ठिसूळ करते. दमट हवेत कापड सैल पडते ते वेगळेच. संग्रहालये या चित्रांच्या खोलीतल्या हवेची एवढी काळजी घेतात ती उगाच नव्हे.

श्रमाचा अंदाज यावा म्हणून थोडे गणित. ज्या चित्राच्या किमतीचा आपण मथळा केला, ते १९७१ सालचे चित्र २५४ गुणिले २५४ सेंटिमीटरचे आहे आणि दोन उभे कॅनव्हास जोडून केलेले आहे. एक चौकोन दोन सेंटिमीटरचा धरला, तर १६,१२९ ठिपके होतात. प्रत्येकाभोवती वेटाळणी आणि त्यावर आणखी थर. हे काम तासन्‌तास मान वाकवून चालते. मानेच्या मणक्यांच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर, जुलै १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रुग्णालयातच ते गेले. वय ६१. अखेरच्या चित्रांतला निळा तोवर राखाडी झाला होता.

२०१९ साली हाँगकाँगमध्ये या चित्राला ८ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरची बोली लागली, हे खरे. पण चित्राचे नाव काय? चित्रकाराने त्यावर दिवस, महिना, वर्ष आणि अनुक्रमांक घातला होता: ५ एप्रिल १९७१, क्रमांक २००. 'विश्व' हे नाव त्याला जोडून येते. क्रमांक १६६ हे १९७० सालचे चित्र कोरियात सर्वाधिक ओळखीचे आहे. मित्र असलेल्या कवीच्या कवितेतली ओळ, 'कुठे, काय होऊन आपण पुन्हा भेटू', हेच त्याचे नाव. तारीख आणि क्रमांक गाळला की ही चित्रे कुठल्या क्रमाने घडली ते वाचकाला कळत नाही.

आणखी एक राहिले. त्यांच्या पत्नी किम ह्यांग-आन यांचा लेखात एका शब्दाचाही उल्लेख नाही. कोरियात लग्नानंतर बाईचे आडनाव बदलत नाही, तरी या लेखिकेने नवऱ्याचे आडनाव आणि नवऱ्याचेच जुने टोपणनाव मिळून आपले नाव केले. पॅरिसला त्या नवऱ्याच्या आधी वर्षभर गेल्या आणि तिथली तयारी त्यांनीच केली. १९९२ मध्ये सोलच्या बुआम-दोंग भागात ह्वान-गी संग्रहालय उभे राहिले, तेही त्यांच्यामुळे.

शेवटी छपाईबद्दल. अडीच मीटरचे चित्र आपण दोन रकान्यांत, म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटरांत बसवलेत. ते तीस पट लहान झाले. दोन सेंटिमीटरचा चौकोन उरला पाऊण मिलिमीटरहूनही कमी. छापील चित्र बारीक बिंदूंच्या जाळीने बनते. वर्तमानपत्राच्या छपाईची ही जाळी इंचाला बिंदूंच्या शंभर ओळींची धरली, तरी छापील बिंदूंमधले अंतर पाव मिलिमीटर. एका चौकोनाच्या रुंदीत तीन छापील बिंदूही पुरते मावले नाहीत. त्यात कागद शाई पितो, बिंदू फुगतात आणि चित्रातल्या ठिपक्यांची आणि छपाईच्या बिंदूंची अशा दोन जाळ्या एकमेकींवर पडून भलत्याच लाटा उमटतात. वाचकाला 'यंत्रासारखे' दिसले ते चित्र नव्हे, आपली छपाई. पुढच्या वेळी पूर्ण चित्र लहान छापा, पण शेजारी त्याचाच चार गुणिले चार सेंटिमीटरचा तुकडा मूळ मापात द्या आणि खाली माप, माध्यम, तारीख, क्रमांक लिहा. ह्वान-गींनी १९६७-६८ च्या सुमारास वर्तमानपत्रांच्या पानांवरच तैलरंगाने पुष्कळ चित्रे केली होती. त्यांपैकी एखादे छापलेत तर आपल्या कागदावर ते बहुधा जास्त बरे उतरेल.

आपले,
चित्रकलेचे दोन अध्यापक