कानबाईचं गाणं चाळीस सेकंदात संपलं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खान्देशात कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, बाया रात्रभर आमच्या अहिराणी बोलीत गाणी म्हणतात. २०२१ मध्ये मोठ्या मायचं गाणं मी मोबाईलवर घेतलं होतं, मधेच थांबून ती म्हणते "काय करी ऱ्हायना रे भो?" ते पण आलंय त्यात. आलंय कसलं, आलं होतं. मोबाईल बिघडला, बॅकअप नव्हता, फॅमिली ग्रुपवर टाकलेला चाळीस सेकंदांचा तुकडा तेवढा मावसभावाकडे सापडला. माय आता नाही.

रेकॉर्डिंग तर सगळेच करतात हो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत पण कोण गातंय, गाव कुठलं, साल कोणतं, कशाचाच पत्ता नाही. रीलवाले तर वरून डीजे चढवतात, मग उरतो नुसता झोका!

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, घरात त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी वहीत उतरवून घेतलं म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं, ते पण त्या गेल्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाईचं नाव न् गाव पण लिहून ठेवलंय. आपल्याला तेवढंच करायचंय.

आमची पाचोरा-जामनेर पीजे घ्या. ५६ किलोमीटरची छोटी गाडी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. युट्यूबवर इंजिन दिसतं, डबे दिसतात, पण त्या गाडीने रोज शाळेत गेलेला माणूस बोलताना मला तरी कुठे दिसला नाही. ती माणसं अजून गावात पारावर बसलेली असतात.

गावच्या वाचनालयात एक हार्डडिस्क ठेवा, झेडपी शाळेतल्या पोरांना सुट्टीत कामाला लावा, फाईलला गाव-नाव-साल द्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते. अहिराणी जशी बोलली तशीच टाईप करा, शुद्ध करत बसू नका. आणि विचारून घ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, गाणं घे पण नेटवर नको टाकू, सुना हसतात. नाही टाकलं.

मायचं ते गाणं रोटाचे गहू दळतानाचं आहे, घरात कुणालाच पूर्ण येत नाही. वाचकांपैकी कुणाच्या मायला दळतानाची गाणी येत असतील तर आधी रेकॉर्ड करून दोन-तीन जागी ठेवा, मला नंतर पाठवलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, पाचोरा