झोतभट्टी आणि डायनासोर: पिट्सबर्गहून मित्रास पत्र

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
दि. १५ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मुलीकडे येऊन मला सहा आठवडे झाले. निघताना तू बजावले होतेस की, तिकडे जे पाहशील ते फोनवर चार शब्दांत न सांगता सविस्तर लिहून पाठव. आज तो शब्द पाळतो आहे. जे मला तुला सांगायचे आहे ते लालबागच्या चाळीत एका गॅलरीत वाढलेल्या माणसालाच पुरते कळेल, असे मला येथे पहिल्या आठवड्यापासून वाटत आले आहे.

शहर फार मोठे नाही. १९५० साली येथे ६,७६,८०६ माणसे राहत होती, २०२० च्या जनगणनेत ती ३,०२,९७१ उरली. निम्म्याहून अधिक वस्ती ओसरली, आणि त्यामागे एकच मोठे कारण सांगतात: पोलादाचे कारखाने बंद पडले. उत्तरेकडून येणारी अॅलेगेनी आणि दक्षिणेकडून येणारी मोनाँगहेला या दोन नद्या येथे मिळतात आणि संगमापासून पुढे ओहायो नदी सुरू होते. या नद्यांच्या काठांनी मैलोगणती कारखाने होते. जुन्या छायाचित्रांत भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले दिसतात, कारण धुराने सूर्यच झाकला जाई. आज आकाश स्वच्छ निळे आहे. त्या निळेपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

पहिल्याच रविवारी मुलगी मला ड्यूकेन इन्क्लाइनने डोंगरावर घेऊन गेली. १८७७ पासून चालत असलेली ही डोंगररेल्वे सुमारे ८०० फूट लांबीच्या रुळांवरून ४०० फूट उंची चढते. दोन डबे एकमेकांना तोलून असतात. एक उतरू लागला की दुसरा चढतो, त्यामुळे यंत्राला फक्त दोहोंच्या वजनातला फरक ओढावा लागतो. वरच्या स्थानकात ते जुने यंत्र पाहता येते, आणि त्याच्या मोठ्या चाकाला आजही लाकडी दाते आहेत. डोंगरावर राहणारे कामगार पूर्वी याच डब्यांतून खाली कामावर जात. १९६२ साली ही गाडी बंद पडली, तेव्हा वरच्या वस्तीतल्या लोकांनी पैसे जमवले आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा सुरू केली. वरून संगम, पूल आणि उंच इमारती एका नजरेत दिसतात. देखावा अप्रतिम आहे यात शंका नाही, पण मी बराच वेळ त्या दातेरी चाकापाशीच उभा राहिलो.

त्यानंतर कार्नेगी संग्रहालये पाहिली. निसर्ग इतिहास आणि कला ही दोन्ही संग्रहालये एकाच प्रचंड वास्तूत आहेत आणि एकाच तिकिटावर पाहता येतात. आम्हाला त्यासाठी दोन दिवसही अपुरे पडले. डायनासोरांच्या दालनात ‘डिप्लोडोकस कार्नेगी’ उभा आहे, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ८४ फूट. पोलादाचे बडे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी पाठवलेल्या मोहिमेला १८९९ साली वायोमिंगमध्ये त्याची हाडे सापडली, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आले. इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाला त्याची प्रतिकृती हवीशी वाटली, ती १९०५ मध्ये लंडनला पोहोचली, आणि मग बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना अशा अनेक शहरांत प्रतिकृती गेल्या. अस्सल हाडे मात्र येथेच आहेत. एवढ्या लांब मानेच्या टोकाला ते एवढेसे डोके पाहताना मला आपण दोघे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेला नाक लावून मातीच्या छोट्या माणसांकडे पाहत बसायचो ते दिवस आठवले. शेजारच्या वास्तुकलेच्या दालनात युरोपातल्या देवळांच्या दर्शनी भागांचे प्लास्टरमध्ये घेतलेले पूर्णाकृती साचे आहेत. फ्रान्समधल्या सँ-जील मठाच्या चर्चची अख्खी दर्शनी भिंतच तेथे उभी आहे. ज्यांना जन्मात युरोपला जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी ती आणली, असे तेथे सांगतात, आणि मला ते मनापासून आवडले.

आता कार्नेगींविषयी थोडे लिहितो, कारण पुढचे सगळे त्यांच्यापाशी येऊन थांबते. त्यांचे वडील स्कॉटलंडमध्ये हातमागावर कापड विणत. यंत्रमाग आले, घरातला माग थांबला आणि १८४८ साली हे कुटुंब येथे आले. तेरा वर्षांच्या आसपासच्या अँड्र्यूला पहिली नोकरी लागली ती कापड गिरणीत, कांड्या बदलणारा पोऱ्या म्हणून, आठवड्याला एक डॉलर वीस सेंट पगारावर. हे वाचले तेव्हा मी तेथल्या बाकावर बसलो. आपल्या चाळीतली किती मुले अशीच कांड्यांच्या टोपलीपासून सुरुवात करून साचेखात्यात पोहोचली, त्यांची तोंडे माझ्या डोळ्यांसमोर आली. कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ आपल्या घरची पुस्तके दर शनिवारी कामकरी मुलांना वाचायला देत. त्या पुस्तकांचे ऋण कार्नेगी आयुष्यभर सांगत राहिले, आणि गावोगावच्या मोफत वाचनालयांना दिलेल्या देणग्यांतून त्यांनी ते फेडले. संग्रहालयालगतच्या वाचनालयाच्या दारावर ‘लोकांसाठी मोफत’ अशा अर्थाची अक्षरे दगडात कोरलेली आहेत.

ही सगळी संपत्ती जेथे वितळून बाहेर पडली ती जागा मी तिसऱ्या आठवड्यात पाहिली. शहराच्या पूर्वेला रँकिन येथे मोनाँगहेलाच्या काठी कॅरी झोतभट्ट्या आहेत. येथले लोखंड नदीपलीकडच्या होमस्टेड कारखान्यात जाई. आता सहा आणि सात क्रमांकाच्या दोनच भट्ट्या उरल्या आहेत, प्रत्येकी ९२ फूट उंच. त्या १९०७ च्या सुमारास बांधल्या आणि १९७८ पर्यंत पेटत्या होत्या. त्यानंतर सारे आवारच ओसाड पडले. २००६ पासून त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे आणि उन्हाळ्यात तेथे मार्गदर्शकाबरोबर फिरता येते.

आम्हाला डोक्यावर शिरस्त्राणे घालायला दिली. आमचे मार्गदर्शक सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांनी स्वतः पोलादाच्या कारखान्यात काम केले होते. भट्टीच्या तोंडातून वरून खनिज, कोक आणि चुनखडी कशी ओतत, शेजारच्या उंच स्टोव्हमध्ये तापवलेली हवा खालून कशी फुंकत, वितळलेले लोखंड तळाशी साचले की भोक पाडून ते वाळूच्या पाटांतून कसे वाहू देत, वर तरंगणारी मळी वेगळी कशी काढत, आणि ते लाल लोखंड वाघिणींत भरून पुलावरून पलीकडे कसे नेत, हे त्यांनी हाताने दाखवत दाखवत सांगितले. त्यांचे हात बोलत होते, मित्रा. तुझे बाबा चाळीच्या कठड्यावर बसून तुटलेला धागा बोटांनी कसा सांधायचा ते आपल्याला दाखवत, तेव्हा त्यांच्या हातांत धागा नसे, तरी आपल्याला तो दिसे. अगदी तसे.

ओतशाळेत आता शांतता आहे. छपराच्या फटींतून ऊन खाली येते, नळांवर गंज चढला आहे, जमिनीतून झाडे वर आली आहेत. मागच्या बाजूला नळ्या, तारा आणि तेथलेच भंगार गुंफून केलेले हरणाचे सुमारे ४० फूट उंचीचे डोके आहे; भट्ट्या ओस पडल्या होत्या तेव्हा, १९९७-९८ मध्ये, काही कलावंतांनी आपणहून येऊन ते उभारले. माणसे गेली आणि हरणे आली, हे त्यांनी पाहिले होते.

मी मार्गदर्शकांना सांगितले की, मीही गिरणी कामगाराचा मुलगा आहे, आणि आमच्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख माणसे एकाच वेळी संपावर गेली ती बहुतेक परत कामावर गेलीच नाहीत. त्यांनी थोडा वेळ काहीच म्हटले नाही, मग विचारले की, गिरण्यांचे पुढे काय झाले. मी म्हटले, मॉल झाले, मनोरे झाले. त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवले. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्या जागेवर आज दुकाने आणि चित्रपटगृह आहे, आणि जुन्या कारखान्याची बारा धुरांडी वाहनतळाजवळ ओळीने उभी आहेत. आपल्या वयाच्या माणसाला त्यांच्याकडे पाहून काय वाटते ते मी तुला वेगळे सांगायला नको.

त्याच होमस्टेडमध्ये १८९२ साली संप झाला होता. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते आणि कारखाना त्यांचे भागीदार फ्रिक पाहत होते. ६ जुलैला कंपनीने पिंकर्टन संस्थेचे सुमारे तीनशे सशस्त्र पहारेकरी पडावांतून नदीमार्गे आणले, काठावर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि अखेर कामगारांची संघटना मोडली. ते पहारेकरी जेथे उतरले तेथले पंपघर जपून ठेवले आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, जवळच्या टेकडीवर कार्नेगींनी वाचनालय बांधून दिले. त्यात सभागृह आहे, पोहण्याचा तलाव आहे, इमारत देखणी आहे. बारा बारा तासांच्या पाळ्या करणारा, आणि पाळी बदलताना सलग चोवीस तास भट्टीपाशी उभा राहणारा माणूस पुस्तक केव्हा उघडणार, असे कामगार तेव्हा विचारीत. मी त्या वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो आणि मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या: पुस्तकांवरचे त्यांचे प्रेमही आणि कामगारांचा प्रश्नही. तू येथे आलास तर मी तुला आधी भट्टी दाखवीन आणि मगच डायनासोर. मी उलट क्रमाने पाहिले, त्यामुळे मला संग्रहालयात पुन्हा एकदा जावे लागले, आणि त्या संगमरवरी जिन्यावरून चढताना पाय वेगळे पडत होते.

बाकीचे थोडक्यात लिहितो. फिप्स यांचे काचेचे उद्यानगृह १८९३ चे आहे; फिप्स हेही कार्नेगींचे भागीदारच. तेथली ऑर्किडे पाहून वहिनींची फार आठवण झाली. विद्यापीठाची ४२ मजली इमारत मंदीच्या काळात उभी राहिली आणि तिच्यासाठी शाळकरी मुलांनी प्रत्येकी दहा दहा सेंट दिले होते. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या परंपरेत सजवलेल्या वर्गखोल्या आहेत आणि भारताची खोली नालंदाच्या प्रांगणावर बेतलेली आहे. विटांच्या त्या खोलीत रोजचे वर्ग भरतात, ही गोष्ट मला सर्वात सुंदर वाटली.

अँडी वॉरहॉल यांचे सात मजली संग्रहालय मुलीच्या आग्रहाने पाहिले. हा चित्रकार येथल्याच स्थलांतरित मजुराचा मुलगा. त्यांची सगळी चित्रे मला भावली असे म्हणणार नाही, पण रोजची पत्रे, बिले, वर्तमानपत्रे, चिठ्ठ्या खोक्यांत टाकून त्यांनी ती बंद करून ठेवली होती. अशी ६१० खोकी आहेत आणि संग्रहालयाने ती एकेक करून उघडून त्यांतल्या वस्तूंची नोंद केली आहे. ते पाहून घरी आल्यावर मी आईच्या पत्र्याच्या ट्रंकेचा विचार करीत राहिलो. बाबांचा गिरणीचा पास, पगाराची पाकिटे आणि संपाच्या दिवसांतली उधारीची वही तिच्यात अजून आहे. परत आल्यावर ती ट्रंक आपण दोघे मिळून उघडू आणि प्रत्येक कागदावर तारीख व माहिती लिहून ठेवू. तुझ्या बाबांच्या वस्तूही शोधून ठेव. त्यांचा मागावरचा धोटा तुझ्याकडे होता, तो फेकला नसशील अशी आशा आहे.

आणि काळाचौकीच्या गिरणीच्या जागेतल्या संग्रहालयाचे काम कुठवर आले ते स्वतः जाऊन, पाहून मला लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शेजारच्या खोलीतला मित्र