छपरावर चढवण्याआधी

दापोली

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे रत्नागिरीत सोलरच्या कामाला नवीन मुलं आली आणि त्यात दोन मुलीही आहेत, हे ऐकून फार बरं वाटलं. आपली पोरं आयटीआय झाली की मुंबईची गाडी पकडतात. हे काम मात्र इथल्याच घरांवरचं आहे. म्हणून त्यांना घाईने तयार करू नकोस. सोलर बसवायला शिकवणारं सरकारी सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ मध्ये सुरू झालं, त्यात ६०० तास धरले ते उगाच नाही. घराच्या छपरावरच्या सोलरसाठीच्या सरकारी सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा गिऱ्हाईक मागे लागणारच. लागू दे.

घरातली वायरिंग शिकून आलेली मुलं पॅनेलच्या डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, हलक्यात घेतात, मला भीती त्याची वाटते. आम्ही लाइन बंद करून, अर्थिंग लावूनच खांबावर चढायचो. पॅनेलला तशी सोय नाही. ऊन आहे तोवर ते जिवंतच. एका पॅनेलचे ४०-५० व्होल्ट, दहा एका ओळीत जोडली की ४०० च्या वर. घरातल्या लाइनचा एसी करंट दिशा बदलत सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी एकदा धरली की सोडत नाही. म्हणून आधी डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची लाइन तोडणारा स्विच, मग मीटर लावून बघायचं, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात. नुसतं पाठ होऊन चालणार नाही, हाताला सवय लागली पाहिजे.

जोड करायला जमिनीवरच शिकव. वायर सोलताना तांब्याची एकही तार तुटता कामा नये. पिन क्रिंपिंग टूलनेच दाबायची, पक्कडीने मुळीच नाही. मग ओढून बघायची, आणि कनेक्टरमध्ये सारली की टक् असा आवाज आलाच पाहिजे. ढिला राहिलेला जोड तापतो, प्लास्टिक वितळतं, आणि तो असतो पॅनेलखाली, कोणाच्या नजरेला न पडणारा. त्याच्याखाली आपल्याकडे कौलारू घराचे वासे असतात, हे त्यांना स्पष्ट सांग.

हर्णैला समुद्रासमोरचे जुने बोल्टही त्यांना दाखव. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड किती टिकतं ते तिथे डोळ्यांना दिसतं. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय आणि पट्टा बांधल्याशिवाय कोणी पाऊल ठेवायचं नाही. मुलींना नेट मीटरचे, म्हणजे घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे, अर्ज भरायला बसवून ठेवू नकोस, त्याही छपरावर चढू देत.

आणखी एक. लाइट गेली की सोलरही बंद पडतं म्हणून पावसाळ्यात लोक भांडतील. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर असाच थांबतो, आणि तो थांबतो म्हणून खांबावरचा माणूस वाचतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आम्ही तारा ओढत होतो, तेव्हा सगळ्यात मोठी धास्ती कोणाच्या तरी घरातला जनरेटर उलटा लाइनवर येण्याची होती. गिऱ्हाइकाला हे नीट समजावता आलं पाहिजे. नाहीतर कोणीतरी हुशारी करून मधेच वायर जोडील.

पावसाआधी एका रविवारी सगळ्यांना इकडे घेऊन ये. माझे दोन-तीन जुने सहकारी बोलावून ठेवतो, ते अर्थिंग मोजून दाखवतील. जांभ्याच्या सड्यावर ते किती अवघड जातं ते इथे चांगलं कळेल. जेवणाचं आई बघणार आहे. किती जण येणार तेवढं आधी कळव.

तुझे
बाबा