लास वेगासमध्ये आईंच्या पावलाने चाललेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. हॉटेलातली दिवसपाळी संपवून तुम्ही घरीसुद्धा न जाता थेट आमच्याकडे आलात आणि रात्री उशिरापर्यंत आमच्याबरोबर चाललात. ओळख म्हणाल तर माझ्या मावसबहिणीची मैत्रीण, एवढीच.

आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे दुखतात हे कळल्यावर तुम्ही रस्ताच तसा आखलात. लक्सर हॉटेलचा पिरॅमिड उजेडात पाहायचा, तिथून उन्हात न येता आतल्या आत एक्सकॅलिबरच्या किल्ल्यात, मग सरकत्या जिन्याने पूल ओलांडून न्यूयॉर्क-न्यूयॉर्क, आणि पुढे पार्क एमजीएमपासून फुकटच्या ट्रामने बेलाजिओ. नकाशात शेजारी-शेजारी दिसणारी ही हॉटेलं चालायला लागलं की किती लांब पडतात, हे त्या रस्त्यावर चाललेल्यालाच कळतं. कुठे टेकायला जागा आहे, स्वच्छतागृह कुठल्या कोपऱ्यात आहे, सगळं तुम्हाला पाठ. माझ्या मुलालाही तुम्ही आधीच समजावून ठेवलंत, की २१ वर्षांखालच्यांनी जुगाराच्या यंत्रांपाशी रेंगाळायचं नसतं, मधल्या वाटेने चालत राहायचं. त्यामुळे कुणी हटकायची वेळच आली नाही.

न्यूयॉर्क-न्यूयॉर्कबाहेरच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोर तुम्ही सांगितलेली गोष्ट आमच्या घरी आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१० साली तिकिटावर न्यूयॉर्कचा मूळ पुतळा समजून या हॉटेलसमोरच्या पुतळ्याचा फोटो छापला. तो घडवणारे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, हा चेहरा मी घडवलाय, तो मूळ पुतळ्यापेक्षा वेगळा आहे. २०१८ मध्ये कोर्टाने त्यांना सुमारे ३५ लाख डॉलर मिळवून दिले. चेहरा घडवताना त्यांच्यासमोर त्यांच्या सासूबाईंचा फोटो होता, हे तुम्ही सांगितलंत आणि आई पुलाच्या कठड्याला धरून कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. ‘मग हिला नक्कल कशी म्हणायची?’ एवढंच म्हणाल्या. तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच प्रश्न, हे कुणी केलं? बेलाजिओच्या छताला लावलेली दोन हजार काचेची फुलं डेल चिहुली यांची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती बेलाजिओच्या तळ्याकाठच्या अर्ध्या तासाची. आईंचं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी अंगावर काढला आहे. बाराशेहून जास्त कारंजी एकदम उसळली, पाणी चारशे-साडेचारशे फूट वर गेलं, सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि आईंचा चेहरा उतरला. ‘वाळवंटात एवढं पाणी कुणाच्या तोंडचं काढलं?’ असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या कुणी हा प्रश्न हसण्यावारी नेला असता. तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात आणि नीट उत्तर दिलंत. तळं साडेआठ एकरांचं. याच जागेवर आधी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, ते १९९३ मध्ये पाडलं. त्याच्या गोल्फच्या मैदानासाठी खणलेल्या जुन्या विहिरींचं पाणी या तळ्याला येतं. आणि हॉटेलांत नळाला, संडास-बाथरूमला वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीड धरणात सोडलं जातं. पाणी मुख्यतः वाया जातं ते बाहेर, हिरवळीवर आणि उन्हाने उडून. म्हणून तिथे लोकांना अंगणातलं गवत काढायला पैसे देतात. आईंनी एकेक मुद्दा खोदून विचारला. पाण्याचा हिशोब कुणीतरी ठेवतंय हे पटल्यावर पुढचं कारंजं त्यांनी उभं राहून पाहिलं. आपल्या माणसाचा प्रश्न कुणी इतक्या मनापासून घेतला की बरोबरच्यांना काय वाटतं, ते मी शब्दांत नीट मांडू शकत नाही.

पॅरिस नावाच्या हॉटेलात आयफेल टॉवरचे पाय छत फोडून थेट जुगाराच्या दालनात उतरलेले पाहून मुलगा खूश झाला. सीझर्स पॅलेस हॉटेल बाहेरूनच पाहिलं. व्हेनेशियन हॉटेलातले कालवे राहिले, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

बसथांब्यावर तुम्ही मिराजबद्दल बोललात. १९८९ साली उघडलेलं, दारात ज्वालामुखी असलेलं ते हॉटेल २०२४ च्या जुलैत बंद झालं. तुमची अमेरिकेतली पहिली नोकरी तिथली. बरोबरच्या बायका आता कोण कुठे आहे, कुणाला काम मिळालं, कोण गाव सोडून गेली, हे तुम्ही एकेकीचं नाव घेऊन सांगितलंत. रोषणाईच्या त्या रस्त्यामागे किती हात राबतात ते तेव्हा मला दिसलं. हे आमच्यासमोर बोललात याबद्दलही आभार.

जानेवारीत तुम्ही पुण्याला येणार असल्याचं कळलंय. तिथून सातारा काही लांब नाही. आईंनी तुमच्यासाठी म्हसवडचं घोंगडं आणायला सांगितलंय, आणि त्यांच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ल्याशिवाय त्या तुम्हाला सोडणार नाहीत. निदान एक मुक्काम तरी करायचाच.

तुमची,
साताऱ्याची एक पाहुणी