ओढ्यावर कुणीतरी येतंय, भीम्या

पुणे,
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय भीम्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. वाचून झालं की पत्र कपाटात ठेव, पोरांच्या हाती लागायला नको.

आपल्या जुन्या भागात कुणीतरी येतंय. रात्री, एकटं. आणि आपण करायचो ते काम करून जातंय.

तुला ठाऊकच आहे, मी पाणीगळती शोधणाऱ्या टोळीत आहे. रस्त्यावरची रहदारी थांबली की आमचं काम सुरू. सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखालची सुरसुर ऐकत पुढे सरकायचं. शाळेत असताना मला सळई लागत नसे, एवढाच फरक. पाऊस सुरू झाल्यापासून सहकारनगर, पद्मावती, धनकवडी, जिथून तक्रार येते तिथे पोचावं, तर व्हॉल्व्ह आधीच बंद केलेला. पाइप फुटलाय बरोब्बर त्याच्या वर डांबरावर गेरूचा गोल, आणि गोलात थेंब. आपली खूण! आपल्या चौघांशिवाय ती कुणाला माहीत होती?

मला आधी वाटलं, तूच आलास. पण मग व्हॉल्व्हचा दांडा नीट पाहिला. या जुन्या लाइनींवर दांडे गंजून बसलेत. चावी बसवून दोघांनी जोर लावला तरच फिरतात, आणि चावी बसली की गंजावर ताजे ओरखडे उठतात. इथे ओरखडा नाही. गंज मुठीत चुरडल्यासारखा निघालाय आणि बोटांच्या खुणा स्पष्ट दिसतात. बोटं बारीक आहेत, तुझी नव्हेत. भीम्या, तुझे हात आणि माझे कान एकाच जिवात आलेत.

अक्काला आणि धाकट्याला सांगितलं. अक्का अजून कात्रज-स्वारगेटच्या बसवर कंडक्टर आहे. ड्युटी संपवून तशीच आली, खाकी कपड्यांत. ती म्हणते, सरळ पोलिसांत कळवायचं. ज्याला नुसत्या हाताने व्हॉल्व्ह बंद करता येतो त्याला अख्ख्या पेठेचं पाणी तोडताही येईल, आणि आपली खूण काढली म्हणून तो आपला होत नाही. तिचं बोलणं मला खोडता आलं नाही. धाकट्याला मात्र त्याला पकडायचंय. हा आता बाणेरला काचेच्या इमारती पुसतो, कमरेला दोर आणि पट्टा बांधून. पूर्वी भिंतीवर नुसत्या तळव्यांनी चढायचा तो. म्हणाला, "खूण आपली घेतली ना, मग आपल्यासमोर उभं राहून सांगावं."

माणूस येतो कुठून, ते मी शोधलं. कात्रजच्या नळातून, त्या जमिनीखालच्या जुन्या दगडी भुयारातून. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमाराला कात्रजचा तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं ते पाणी. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर आठ-नऊ किलोमीटर. मधेमधे दगडी उच्छ्वास, गाळ खाली बसावा आणि कोंडलेली हवा वर निघावी म्हणून. काळ्या हौदापासून फडके हौदापर्यंत सगळी पेठ त्यावर प्यायची. कितीतरी उच्छ्वास आता इमारतींखाली गेलेत. पण आपला, दुपारी शाळा बुडवून आपण ज्यात उतरायचो तो, शाबूत आहे. त्याची शिळा बाजूला सरकवलेली दिसली.

परवा तिथे एकटाच बसलो. पाऊस होता. बॅटरी बंद ठेवली. दोन-अडीचच्या सुमारास शिळा हलली आणि आतून आवाज आला, "काका, तुम्हाला अजून ऐकू येतं?"

पोरगा की पोरगी, कळलं नाही. तेरा-चौदाचं वय असेल. मी म्हटलं, नाही, कधीच गेलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "मग रोज रात्री का येता?"

मी म्हटलं, पाणी वाया जातं म्हणून. वरच्या गल्लीत लोक रात्री जागून बादल्या भरतात म्हणून. खरं तेच बोललो. मग नाव विचारलं, घर विचारलं, जेवलास का विचारलं. उत्तर आलं नाही. शिळा बसली आणि आत पावलं ओढ्याच्या बाजूला गेली.

तेव्हापासून मला झोप नाही. आंबिल ओढ्याच्या अंगाने जाणारं लेकरू, आणि दिवस पावसाचे. खडकवासला ते केवढं, पावणेदोन-दोन टीएमसीचं. घाटात पाऊस लागला की बघताबघता भरतं, मुठेत पाणी सोडतात, भिडे पूल बुडतो आणि नदीला फुगवटा आला की ओढ्याच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठव. नदीत नव्हे, ओढ्यातच लोंढा आला होता तो. अरण्येश्वरच्या गल्लीत छातीएवढ्या पाण्यात आपण चौघं दोर धरून उभे होतो. आपल्यात तेव्हा काहीच उरलं नव्हतं. तुझ्या तळहातांची सालं निघाली, तरी तू दोर सोडला नाहीस. मी तुला शाळेत असताना टेम्पो उचलताना पाहिलंय, पण मला अभिमान वाटतो तो त्या रात्रीचा.

आणि म्हणूनच सांगतो. आपल्याला जे मिळालं होतं ते चौघांत वाटून आलं होतं. भीतीही वाटूनच आली. माझे कान रात्रभर वाजायचे तेव्हा अक्का उशाशी बसायची, तुझे हात थरथरायचे तेव्हा धाकटा तुला घास भरवायचा. या पोराच्या वाट्याला सगळंच एकदम आलंय आणि जवळ कुणी नाही. आपली खूण त्याने चोरली असं मला वाटत नाही. उच्छ्वासाच्या आतल्या भिंतीवर आपणच ती कोरून ठेवली होती. ती पाहून हे कुणाचं तरी घर आहे असं त्याला वाटलं असणार. मग घरच्यांनी जायला नको?

पोलिसांचं अक्काने आठ दिवस थांबवलंय, माझ्या शब्दावर. धाकट्याने पकडायचं डोक्यातून काढलंय. तो उतरायला दोर आणि पट्टे आणणार आहे. पण त्या पोराला तुझे हात आहेत. ते हात गेल्यावर माणूस कसा जगतो, बँकेत नोटा मोजून घरी जातो, पोरांचा अभ्यास घेतो, हे त्याने तुझ्याकडून ऐकावं असं मला वाटतं. मला ते सांगता येणार नाही.

शनिवारी अर्धा दिवस रजा टाक. नाशिकहून दुपारची गाडी धर आणि वाकडेवाडीला उतर, मी स्टँडवर असेन. वहिनींना सांग, अक्काने बोलावलंय. तेही खरंच आहे. जुने बूट आण, उच्छ्वासात गुडघाभर गाळ आहे. आणि वहिनींच्या हातच्या दशम्या जास्तीच्या बांधून आण, पाचजणांना पुरतील एवढ्या.

तुझा,
कान्या